पत्त्यामागे नको, पाहुण्यामागे जा

खाद्यप्रवासाची एखादी मालिका आवडली की आपण पहिलं काम करतो ते हॉटेलांची नावं टिपून घेण्याचं. फोनमधल्या नकाशावर खुणा होतात, ‘इथं जायचंच’ म्हणत मित्रांना दुवे पाठवले जातात आणि मालिका संपते तेव्हा हाती उरते पत्त्यांची यादी. यादी करण्यात गैर काहीच नाही. पण मालिकेतलं सगळ्यांत मोलाचं जे असतं ते त्या यादीत येत नाही. अमेरिकी आचारी आणि लेखक अँथनी बोर्डेन याच्या मालिकांबाबत तर मला हे फार तीव्रतेनं वाटतं. तो कुठं जेवला हे कुणीही शोधून देईल. तो कसा जेवला, कुणाच्या शेजारी बसला, काय विचारलं आणि कुठं गप्प राहिला, हे मात्र आपलं आपणच पाहावं लागतं. खरा चाहता व्हायचं असेल तर त्याच्या पत्त्यांच्या मागे न लागता त्याच्या पाहुणेपणाच्या मागे जावं, असं माझं ठाम मत आहे आणि हा लेख त्यासाठीच आहे.

बोर्डेनलाही या यादीची काळजी वाटत असे. ‘नो रिझर्व्हेशन्स’ या मालिकेतला रोमचा भाग २०१० साली आला. जुन्या इटालियन चित्रपटांची आठवण म्हणून तो सबंध कृष्णधवल केला होता. त्यात एका हॉटेलात तो काचो ए पेपे खातो, म्हणजे चीज आणि मिरीचा साधा पास्ता. त्या हॉटेलाचं नाव मात्र तो सांगत नाही, कारण आपण नाव घेतलं की तिथं गर्दी होणार आणि ती जागा पहिल्यासारखी राहणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. चाहत्यांनी ते नाव तरीही शोधून काढलंच. तो भाग बघताना नाव शोधायचा मोह आवरा आणि थाळी पुढ्यात आल्यावर त्याचं बोलणं कसं थांबतं तेवढं पाहा.

या माणसाची नजर कुठून आली हे ठाऊक असलं तर मालिका अधिक कळते. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला बोर्डेन हॉटेलात शिरला तो मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावात भांडी घासायला. पुढे त्यानं पाकशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं, मॅनहॅटनमधल्या ‘ले आल’ या फ्रेंच हॉटेलात मुख्य आचारी झाला आणि २००० साली ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ हे पुस्तक लिहून एकदम प्रसिद्ध झाला. तोवर वयाची चाळिशी उलटून गेली होती. म्हणून तो हॉटेलात गेला की त्याचं लक्ष आधी मागच्या दाराकडे, भटारखान्याकडे जातं. न्यूयॉर्कच्या हॉटेलांत फ्रेंच आणि इटालियन पदार्थ रांधणारे हात बहुतेक वेळा मेक्सिकोतल्या पुएब्ला भागातून आलेल्या माणसांचे असतात, हे त्यानं वारंवार सांगितलं आणि आपल्या सहकाऱ्यांच्या घरची माणसं भेटायला तो पुएब्लाला गेलाही.

सुरुवात कुठून करायची? त्याच्या मुख्य मालिका चार. फूड नेटवर्कवरची ‘अ कुक्स टूर’ (२००२-०३), ट्रॅव्हल चॅनेलवरची ‘नो रिझर्व्हेशन्स’ (२००५-१२), त्याच चॅनेलवरची, एका शहरात दीड-दोन दिवस कसे घालवावेत हे सांगणारी ‘द लेओव्हर’ (२०११-१३) आणि सीएनएनवरची ‘पार्ट्स अननोन’ (२०१३-१८). पहिल्या मालिकेच्या पहिल्या भागापासून ओळीनं पाहत जाऊ नका. ‘अ कुक्स टूर’चे भाग छोटे आहेत, त्यात तो अजून चाचपडतोय आणि विचित्र पदार्थ खाऊन दाखवण्याकडे जरा जास्त कल आहे. आधी ‘पार्ट्स अननोन’मधला २०१६ चा हनोईचा भाग पाहा, मग ‘नो रिझर्व्हेशन्स’मधला २००६ चा बैरूतचा आणि त्यानंतर मागे जाऊन ‘अ कुक्स टूर’मधलं व्हिएतनाम. त्या देशाच्या तो पहिल्याच भेटीत प्रेमात पडला होता. चौदा-पंधरा वर्षांच्या अंतरानं तोच माणूस त्याच देशाकडे कसा पाहतो हे लागोपाठ पाहिलं की मालिकेची गोडी लागते. ‘द लेओव्हर’ मात्र त्या शहरात जायचं ठरलं तरच पाहावी; तिच्यात माहिती भरपूर आहे, खोली कमी.

या मालिका कुठल्या मंचावर आहेत हे सतत बदलत असतं, त्यामुळे पाहायच्या दिवशीच शोधावं. एक गोष्ट मात्र नक्की करा: इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी उपशीर्षकं चालू ठेवा. बोर्डेनचं निवेदन वेगवान आहे, न्यूयॉर्कच्या बोलीतलं आहे आणि त्यात चित्रपटांचे, संगीताचे, पुस्तकांचे संदर्भ खच्चून भरलेले असतात. उपशीर्षकं नसली तर निम्मं हातातून सुटतं.

दुसरं म्हणजे एक वही करा. पहिल्यांदा पाहताना काहीही लिहू नका, नुसतं पाहा. तोच भाग दोन-चार दिवसांनी पुन्हा लावा आणि मग लिहा. पदार्थांची नावं शेवटी. आधी टेबलाभोवती कोण बसलंय ते: मालक, गिऱ्हाईक, कवी, माजी सैनिक, कुणाची आजी. मग त्या माणसानं जेवणाव्यतिरिक्त काय सांगितलं ते. मग बोर्डेननं विचारलेले प्रश्न, शक्यतो त्याच्याच शब्दांत. त्याचे प्रश्न फार साधे असतात: तुम्हाला काय खायला आवडतं, तुम्ही लहान असताना इथं काय होतं, आता काय झालंय. प्रश्न विचारून झाला की तो घास घेतो आणि समोरच्याला बोलू देतो. वहीत हे चार-पाच भाग उतरले की तुमच्याच लक्षात येईल, पदार्थ म्हणजे त्याच्यासाठी बोलणं सुरू करायचं निमित्त होतं.

या वहीसाठी बैरूत हा सगळ्यांत चांगला धडा. जुलै २००६ मध्ये तो चमूसह तिथं पोहोचला आणि चित्रीकरण जेमतेम सुरू झालं असताना इस्रायल आणि हिजबुल्लाचं युद्ध पेटलं. विमानतळावर बॉम्ब पडले आणि सगळे हॉटेलात अडकले. अखेर अमेरिकी नौदलाच्या जहाजातून त्यांना बाहेर काढण्यात आलं. त्या भागात खाणं अगदी थोडं आहे. ज्यांनी मोठ्या हौसेनं आपलं शहर दाखवायला घेतलं होतं त्यांचे चेहरे तासातासाला बदलताना दिसतात. तो भाग एमीसाठी नामांकित झाला आणि पुढच्या काळात त्याच्या मालिकांचा सूर बदलला त्याचं मूळ इथं आहे. तो तिथं परत गेला, २०१० मध्ये ‘नो रिझर्व्हेशन्स’साठी आणि २०१५ मध्ये ‘पार्ट्स अननोन’साठी. तिन्ही भाग एका आठवड्यात पाहा. इराणचाही असाच. त्या भागात त्याच्याशी बोललेले पत्रकार जेसन रेझाइयान आणि त्यांची पत्नी यांना चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, जुलै २०१४ मध्ये, अटक झाली. रेझाइयान सुटले ते जानेवारी २०१६ मध्ये. हे माहीत असताना त्यांचं हसतखेळत बोलणं पाहणं अवघड जातं, तरीही पाहावं.

चाहत्याला टीव्ही कसा तयार होतो हेही कळलं पाहिजे. पडद्यावर जे सहज घडल्यासारखं दिसतं त्यामागे स्थानिक समन्वयक असतो. तो आधी जाऊन माणसं शोधतो, परवानग्या मिळवतो, भाषांतर करतो. काही दिवसांचं चित्रीकरण कापून पाऊण तासाचा भाग होतो आणि निवेदन मागाहून लिहिलं जातं. ‘पार्ट्स अननोन’चा २०१३ चा सिसिलीचा भाग यासाठी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तिथं त्याला समुद्रात उतरून ऑक्टोपस आणि माकुल पकडायला नेलं जातं आणि पाण्यात असताना त्याच्या लक्षात येतं की शेजारच्या होडीतून कुणीतरी मेलेले, अर्धवट गोठलेले प्राणी पाण्यात टाकतंय, म्हणजे त्यानं ते पकडल्याचा देखावा करावा. तो प्रसंग कापून टाकणं सोपं होतं. त्यानं तो ठेवला आणि आपला संताप निवेदनात स्वच्छ सांगितला. हा भाग पाहिल्यावर इतर कुठलाही खाद्यप्रवासाचा कार्यक्रम पाहताना तुम्ही आपोआप विचारू लागाल: हा बाजार रोज असाच भरतो का? या आजी रोज इथंच रांधतात का? असे प्रश्न पडले म्हणून आवड कमी होत नाही, उलट जे कार्यक्रम प्रामाणिक आहेत त्यांचा आदर वाढतो.

आता आपल्याकडच्या अनेक वाचकांची अडचण. आम्ही शाकाहारी, आम्ही हे काय पाहायचं? डुक्कर, रक्त, आतडी, सगळंच त्यात आहे, आणि ज्यांना ते पाहवत नाही त्यांनी बळेबळे पाहू नये. ‘किचन कॉन्फिडेन्शियल’मध्ये त्यानं शाकाहाऱ्यांवर जहरी लिहिलंय हेही खरं. पण २०१४ मध्ये ‘पार्ट्स अननोन’साठी तो पंजाबात आला तेव्हा अमृतसरच्या ढाब्यावरचं शाकाहारी जेवण जेवताना त्याचा सूर पार वेगळा होता. अशी चव असेल तर मांसाची आठवण होत नाही, हे त्यानं मोकळेपणी मान्य केलं. आपल्या वाचकांनी भारतातले भाग पाहायचे तर हा आधी पाहावा. २००६ च्या सुमाराचे राजस्थान आणि कोलकाता-मुंबईचे भाग नंतर.

याच्या दुसऱ्या टोकाला नामिबियाचा भाग आहे. तिथं सान लोकांनी शिकार केलेल्या रानडुकराचा अगदी न धुतलेला, राखेत भाजलेला आतड्याचा शेवटचा तुकडा त्याला मानाचा म्हणून दिला गेला आणि त्यानं तो खाल्ला. त्याला तो आवडला नव्हता. पण ज्यांच्याकडे देण्यासारखं थोडंच असतं त्यांनी दिलेलं नाकारायचं नाही, हा त्याचा नियम होता. हा नियम जशास तसा उचलावा असं मी म्हणणार नाही. व्रत, धर्म, प्रकृती ही नकाराची चांगली कारणं आहेत. मात्र नकार देण्याची रीत शिकावी. काय चालत नाही ते जेवणाचं ठरतं तेव्हाच सांगावं, पान वाढल्यावर नाही. नाक न मुरडता सांगावं. आणि जे चालतं ते, चहा असो, भात असो, फळ असो, मनापासून मागून घ्यावं. यजमानाला खरी गरज असते ती आपण काहीतरी घेतल्याची.

पाहून झालं की रांधावं. रोमचा तो काचो ए पेपे घरी करण्यासारखा आहे, कारण जिन्नस तीनच: स्पॅगेटी, पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचं खारट चीज आणि काळी मिरी. पास्ता नेहमीपेक्षा कमी पाण्यात उकळा म्हणजे पाण्यात पिठूळपणा उतरतो. मिरी ताजी, भरड कुटून कोरड्या पातेल्यात जरा परता आणि तिच्यावर त्या पाण्याचा एक डाव घाला. चीज अगदी बारीक किसून कोमट पाण्यात लापशीसारखं कालवून ठेवा. पास्ता किंचित कच्चा असताना मिरीच्या पाण्यात टाका, शिजला की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मगच चीज घालून जोरात हलवा. आच चालू ठेवली तर चीजच्या गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. मीठ जपून, चीज मुळात खारट आहे. शाकाहाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की पारंपरिक पेकोरिनोसाठी दूध साकळवणारं रेनेट कोकराच्या जठरातून काढतात. ते चालत नसेल तर वेष्टनावर शाकाहारी रेनेटचा उल्लेख असलेलं दुसरं कडक चीज घ्यावं. त्याच्याच पाककृती हव्या असतील तर ‘अ‍ॅपेटाइट्स’ (२०१६) हे पुस्तक घरच्या स्वयंपाकासाठी लिहिलेलं आहे.

८ जून २०१८ रोजी फ्रान्समधल्या केझर्सबर्ग गावात, स्ट्रासबर्गच्या भागाचं चित्रीकरण चालू असताना, बोर्डेननं आयुष्य संपवलं. ‘पार्ट्स अननोन’चं अखेरचं पर्व त्याच्या पश्चात पूर्ण झालं आणि त्यात फक्त केनियाच्या भागाला त्याचं संपूर्ण निवेदन आहे. नवे चाहते जुने भाग पाहताना त्याच्या प्रत्येक उदास वाक्यात पुढच्या घटनेच्या खुणा शोधत बसतात. तसं करू नका. त्यातून त्याच्याविषयी काही कळत नाही आणि आपलं मन मात्र अंधारतं. ते भाग पाहताना स्वतःच्या मनात तसलं काही दाटून आलं तर लगेच जवळच्या माणसाशी बोला, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. ‘रोडरनर’ (२०२१) हा माहितीपट पाहायचा तर त्यात त्याच्या आवाजातली काही वाक्यं संगणकानं तयार केलेली आहेत आणि त्यावरून मोठा वाद झाला, हे ठाऊक असू द्या. त्याच वर्षीचं ‘वर्ल्ड ट्रॅव्हल’ हे पुस्तक त्याची सहकारी लॉरी वूलिव्हर हिनं त्याच्या पश्चात पुरं केलं. आणि चाहता असणं म्हणजे भक्त असणं नव्हे. भटारखान्यातल्या ज्या मर्दानी मस्तीचं वर्णन त्यानं पहिल्या पुस्तकात रंगवून केलं, त्या वातावरणानं स्त्रियांचं काय होत होतं याचा विचार आपण तेव्हा केला नाही, असं त्यानंच २०१७ मध्ये जाहीरपणे म्हटलं. त्याचं पहिलं पुस्तक वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता प्रत्यक्ष जाण्याविषयी. चाहत्यांची पहिली धाव हनोईला असते. मे २०१६ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा आणि बोर्डेन तिथल्या ‘बुन चा हुओंग लिएन’ या साध्या हॉटेलात प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून जेवले. दोघांचं बिल मिळून सहा डॉलर झालं आणि ते बोर्डेननं दिलं. ते टेबल, वरच्या ताटल्या-बाटल्यांसह, आता काचेच्या पेटीत बंद आहे. अवश्य पाहा, पण जेवायला कुठं बसायचं ते वेगळं ठरवा. बुन चा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या चपट्या वड्या आणि काप, माशाच्या सॉसचं आंबटगोड पाणी, तांदळाच्या शेवया आणि टोपलीभर हिरवा पाला. हनोईत हे दुपारचं जेवण आहे. म्हणून अकरा-साडेअकराला बाहेर पडा आणि धूर कुठून येतोय ते पाहत चाला. फुटपाथवर निखारे फुलवणारी बाई आणि समोर ऑफिसातल्या माणसांची गर्दी दिसली की बसा. फो हवा असेल तर सकाळी लवकर. पाला हातानं तोडून वाटीत घालायचा, शेवया थोड्या थोड्या बुडवायच्या. शेजारचा कसा खातो ते दोन मिनिटं पाहिलं की पुरतं.

शाकाहारी माणसानं पाटीवर रोमन लिपीतली सी, एच, ए, वाय ही चार अक्षरं शोधावीत. चहाशी त्यांचा संबंध नाही, ती शाकाहारी जेवणाची खूण आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिथले अनेक बौद्ध शाकाहार पाळतात, तेव्हा असं जेवण ठिकठिकाणी मिळतं. मुक्काम त्या बेतानं ठरवला तर फार सोय होते. इतर दिवशी मात्र भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी धरू नका. माशाचा सॉस तिथं आपल्या मिठासारखा वापरतात. ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांनाही ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे घेतात.

पण पाहुणेपण शिकायला विमानाचं तिकीट लागत नाही, आणि वहीचा खरा उपयोग घराजवळच होतो. तालुक्याच्या गावचा आठवडे बाजार, मालवणकडची एखादी घरगुती खानावळ, सोलापुराकडे भाकरी थापून देणारं घर, मुंबईतलं एखादं उडुपी हॉटेल, यांतलं एक निवडा आणि त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा जा. वेळ विचारानं साधा. साडेबारा ते दोन या वेळात खानावळीच्या मालकिणीला श्वास घ्यायला फुरसत नसते. तेव्हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक तिला नको असतं. शेवटच्या पंगतीला बसा, किंवा तीननंतर चहाच्या निमित्तानं थांबा.

‘इथलं फेमस काय?’ असं विचारू नका. उत्तर पाठ केलेलं येतं, बहुधा सगळ्यांत महाग पदार्थाचं. ‘काकू, आज तुमच्या घरी काय केलंय?’ असं विचारा. किंवा मासळी कुठल्या बंदरावरून आली, कोकम कुणाकडचं, ज्वारी यंदा कशी आहे. ‘सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठं जेवता?’ हा प्रश्न आचाऱ्याला विचारला तर मिळणारा पत्ता कुठल्याही यादीत नसतो. आणि गल्ल्यावरच्या माणसाशी बोलून थांबू नका. परवानगी घेऊन भटारखान्यात डोकवा, चुलीपाशी कोण आहे, तो किंवा ती कुठल्या गावाहून आली, किती वाजता उठते, हे विचारा. उडुपी हॉटेलांत कर्नाटकच्या किनाऱ्यावरची माणसं पिढ्यानपिढ्या येत राहिली आहेत. त्यांच्या गावचा सांबार आणि मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी केलेला सांबार यांत काय फरक आहे, हे तेच सांगू शकतात, आणि विचारलं तर बहुतेक जण हौसेनं सांगतात.

फोटो किंवा चित्रफीत काढायची असेल तर आधी विचारा, जेवणाऱ्या इतर माणसांचे चेहरे टाळा आणि ‘आम्ही तुमची जाहिरात करतोय’ म्हणून बिलात सवलत मागू नका. ज्या जागेला दहा पानांपलीकडे झेपणार नाही तिचं नाव समाजमाध्यमावर टाकण्यापूर्वी मालकिणीला विचारा, तुम्हाला गर्दी हवी आहे का. काहींना हवी असते, मुलांच्या शिक्षणाचा खर्च असतो, कर्ज असतं, आणि मग तुमची एक पोस्ट त्यांच्या खरोखर उपयोगी पडते. काहींना नको असते, आणि तेव्हा रोमच्या त्या हॉटेलासारखं नाव आपल्यापाशीच ठेवायचं. फोटो पाठवतो असं म्हणालात तर त्याच आठवड्यात पाठवा. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांना छापून द्या, पुढच्या खेपेला जाल तेव्हा हातात.